दगडावरची नावं

आमच्या भागात लग्नात जेवायला कुठं बसायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. पंगत उठली की मोकळी जागा दिसेल तिथं बसायचं. शेजारी व्याही आला काय आणि बस स्टँडवरचा चहावाला आला काय. त्यामुळे राजनंदिनीनं जेव्हा जाहीर केलं की तिच्या लग्नात प्रत्येक खुर्चीसमोर बसणाऱ्याचं नाव ठेवायचं, तेव्हा घरात सगळ्यात आधी हसले ती मी.

"परीक्षा हाय का गं ही?" मी म्हणाले. "मग बैठक क्रमांकबी घाला की. आन् कॉप्या धरायला मी उभी राहते."

राजनंदिनी माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, उद्धवची मुलगी. संभाजीनगरला औषधाच्या कंपनीत नोकरी करते. तिथं कुठल्याशा मैत्रिणीच्या लग्नात तिनं हे पाहिलं होतं. मी अंबिका. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, आता निवृत्त होऊन परभणीत राहते. नंदिनीचं लग्न तोंडावर आलं तशी मी माहेरी येऊन बसले. सोनपेठच्या अलीकडं, गंगेच्या काठाला आमचं गाव. नकाशात तिला गोदावरी म्हणतात, आमच्याकडे कुणी म्हणत नाही. बोलल्याशिवाय मला राहवत नाही, हे अख्ख्या भावकीला ठाऊक आहे, आणि म्हणून कुणी मनावरही घेत नाही. नंदिनीनं मात्र त्या दिवशी मनावर घेतलं. मला हाताला धरून मागच्या दारी नेलं.

"आत्या, हजार माणसांसाठी नाही करायलेय मी हे. बाकीचे जेवतील कसेही. दोन्ही घरच्या माणसांचं एकच टेबल मांडायचं आणि तिथं नावं ठेवायची. बाबांचं नाव माझ्या शेजारी. नाव लिहिलेलं असलं, सगळ्यांनी ते वाचलेलं असलं, तर बाबांना निघून जाता येणार नाही. एवढंच."

मी थट्टा आवरती घेतली.

उद्धवचा मुलगा, नंदिनीचा मोठा भाऊ आदिनाथ तीन वर्षांपूर्वी गेला. विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि करंट लागून जागच्या जागी पडला. स्थळं बघायला सुरुवात झाली होती त्याच्यासाठी. तेव्हापासून उद्धव कुणाच्याच पंगतीला बसला नाही. लग्नाला जायचा, पण मांडवाच्या बाहेर उभा राहायचा. आहेर आमच्या मधल्या भावाच्या, दिनकररावच्या हाती आत पाठवायचा आणि पाण्याचा घोटही न घेता परत फिरायचा. दरवर्षी नेमानं पोखर्णीच्या नरसिंहाला जाणारा माणूस, गावातल्या मारुतीची पायरीसुद्धा चढेनासा झाला. घरातले देव उद्धवची बायको, माझी भावजय दैवशाला पुजायची. आणि उद्धव जेवायचा शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे बैल आणि अवजारं ठेवतो त्या पत्र्याच्या शेडात, एकटा.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, दुःख मोठं आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, देवावर रुसलाय. तिसऱ्या वर्षी बोलायला लागले की, यांचा पोरगा गेला म्हणून आमचं अन्न वाईट झालं का? मीही त्याला दोन-चारदा झापलं होतं. तो ऐकून घ्यायचा. कन्यादानाला कोण बसणार, असं विचारलं तर म्हणाला, "दिनकर बसंल." बस्स. कारण नाही की काही नाही. नंदिनी त्यावर भांडली नाही. फक्त म्हणाली, "मग जेवायला तरी माझ्यापाशी बसा." त्यावर तो टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडं निघून गेला.

तर अशी त्या नावांची गोष्ट होती. मग मीही कंबर कसली.

नावं कशावर लिहायची यावर आम्ही तिघींनी, म्हणजे मी, नंदिनी आणि दैवशालानं, जी डोकेफोड केली ती मी दहावीच्या निकालासाठीसुद्धा केली नसेल. नंदिनीला छापील कार्ड नको होती. आपल्या मातीतलं काहीतरी हवं, असा तिचा हट्ट. आधी कापसाची बोंडं आली. देठाला दोऱ्यानं कागद बांधला, छान दिसलं, आणि पंखा लावल्याबरोबर निम्मा कापूस माझ्या डोक्यात. मग पणत्या. दैवशाला म्हणाली की जेवणाच्या टेबलावर दिवे आणि बायकांचे पदर, अग्निशामकवाल्यांनाबी आमंत्रण द्या. पिंपळाची वाळलेली पानं आणली, ती लिहिता लिहिता फाटली. माझ्या शाळेतल्या जुन्या छोट्या पाट्या मी स्वतः सुचवल्या. पण तिचे होणारे सासरे माणिकराव हे परभणीचे निवृत्त हेडमास्तर, आणि त्यांच्यासमोर पाटी ठेवायची म्हणजे त्यांना पुन्हा कामावर बोलावल्यासारखं, असं नंदिनीचं म्हणणं पडलं.

मग लग्नाच्या आधीची धुणी निघाली. गोधड्या, सतरंज्या, पडदे सगळं घेऊन दैवशाला आणि नंदिनी गंगेवर गेल्या. येताना घमेल्यात दगड. काळसर, चपटे, तळहातावर मावणारे, पाण्यानं घासून घासून गुळगुळीत झालेले.

"आत्या, हेच!" नंदिनी म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा असा फुललेला मी पाहत होते. "गंगेचे दगड. वाऱ्यानं उडणार नाहीत, फाटणार नाहीत. आणि लोक घरी घेऊन जातील आठवण म्हणून."

मलाही आवडले. दैवशालालाही आवडले. आमच्यापैकी एकीच्याही मनात दुसरं काही आलं नाही, आणि ते का आलं नाही हे पुढं कळेलच.

लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर. त्याबद्दल मी नम्रपणा करत नाही. माझं अक्षर चांगलंच आहे. पांढरा रंग, बारीक कुंचला, आणि अंगणात बाजेवर वाळत घातलेले दगड. माणिकराव. त्यांच्या बायकोचं नाव. शिवप्रसाद, म्हणजे नवरदेव. दिनकरराव. दैवशाला. उद्धवसाठी नंदिनीनं सगळ्यात मोठा दगड निवडून ठेवला होता. शेवटी राजनंदिनी. हे नाव मीच ठेवलेलं, बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात मीच सांगितलेलं. तिच्या भावाचंही मीच ठेवलं होतं. ते लिहून झालं आणि माझा हात आपसूक पुढच्या दगडाकडं गेला. दोघांची नावं मी कायम जोडीनंच घेतलेली. कुंचला रंगात बुडवला आणि मग लक्षात आलं. मी तो दगड पालथा घातला आणि कुंचला धुवायला घेतला.

त्या दुपारी मी दिनकररावच्या घरी पत्रिकांचं काही राहिलं होतं ते बघायला गेले. परत आले तर बाज रिकामी. मला वाटलं नंदिनीनं दगड आत नेले असतील. तेवढ्यात हौदाकडून घासण्याचा आवाज आला.

उद्धव हौदाशी उकिडवा बसला होता. खांद्यावरचा टॉवेल त्यानं मातीत पसरला होता आणि सगळे दगड त्यात. एकेक दगड घ्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि नारळाच्या काथ्यानं घासायचा. रंग पुरता वाळलेला नव्हता, त्यामुळे निघत होता. माणिकराव निघाले होते, दिनकरराव निघाले होते. त्याच्या हातात होता तो दगड राजनंदिनीचा.

माझं डोकंच फिरलं. "उद्धव! अरे काय करायलास? शुद्धीवर हायस का?"

तो वर बघत नव्हता. "अक्का, कुणी लिवलं हे?"

"मी लिवलं. चष्म्याच्या काचा पुसून पुसून लिवलंय. तुला लेकीच्या लग्नाची हौस न्हाई तर न्हाई, दुसऱ्याची तरी मोडू नको."

"जित्या माणसाचं नाव दगडावर लिवत्यात का, अक्का?"

"का? देवळाच्या पायऱ्यांवर देणगी देणाऱ्यांची लिवत्यात की. ते काय सगळे मेलेत?"

"मुठीत मावंल अशा दगडावर न्हाई लिवत," तो म्हणाला, आणि तेवढ्यात ओला दगड हातातून निसटून हौदात पडला. तो कोपरापर्यंत हात घालून शोधायला लागला, जसं काही पोरगीच पाण्यात पडली आहे. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की हा रागावलेला नाही. हा भ्यालाय.

आवाजानं नंदिनी बाहेर आली. तिनं टॉवेलातले पुसलेले दगड पाहिले.

"बाबा," ती म्हणाली. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. "इतकं जड जातंय तुम्हाला माझ्या शेजारी बसणं? नाव पुसावं लागलं?"

"तसं न्हाई, माय."

"मग कसं ते सांगा. तीन वर्षं झाली, काही सांगतच नाही तुम्ही. भाऊ माझाबी गेला ना? मी जेवतेय, कामाला जातेय, लग्न करायलेय. मी काय दगड आहे?"

उद्धव उठून उभा राहिला. ओला दगड त्यानं शर्टाला पुसला. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत सांगितलं. सरणाभोवती फिरताना खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडतात, तो दगड टाकून देत नाहीत. त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस तो दगड म्हणजेच ते माणूस. त्याच्यावरच पाणी घालायचं, त्याच्यासमोरच पिंड ठेवायचे. दहाव्या दिवशी तो गंगेत सोडायचा, म्हणजे माणूस मोकळा होतो.

"आपला मसणवटा गंगेच्याच काठी," तो म्हणाला. "दगड तिथलाच. असाच. असाच काळा, असाच चपटा. मी शेतातून आलो आन् बाजेवर बघतो तर सगळ्या घराची नावं. तुजं नाव. जावयाचं नाव."

जीवखडा हा शब्द मी ऐकलेला होता, दैवशालानंही ऐकलेला असणार. पण पाहिलेला कुणीच नव्हता. आमच्याकडे बाया मसणाच्या घाटावर जात नाहीत. प्रेत अंगणातून उचलतात, आम्ही दारापर्यंत जातो आणि मागं फिरून घर धुवायला घेतो. तिथं पुढं काय होतं ते बाप्यांना माहीत, आणि बापे ते घरी येऊन सांगत नाहीत. म्हणून तर आम्ही तिघी शहाण्यांनी सगळी गंगा पालथी घालून नेमकी तीच वस्तू वेचून आणली, तिच्यावर जिवंत माणसांची नावं घातली आणि अंगणात वाळत टाकली. मला स्वतःची एवढी चीड आधी कधी आली नव्हती.

नंदिनीनं डोळे पुसले. "आम्हाला माहीत नव्हतं, बाबा. टाकून देऊ सगळे. कागदावर लिहू, नाहीतर लिहूच नको. पण तुम्ही बसा."

"मला बसता येत न्हाई."

"का पण?"

"मला सुतक हाय."

लग्नघरात हा शब्द म्हणजे सगळा मांडव गुंडाळायची वेळ. "कुणाचं? भावकीत कोण गेलं?"

"आदीचं," उद्धव म्हणाला.

मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तो अगदी शहाण्यासारखा बोलत होता. "दहाव्याला गुरुजी म्हणले, सोडा आता. दिनकर शेजारीच हुता. माझी मूठच उघडंना, अक्का. दहा दिवस सांबाळला हुता मी त्याला. मी खाली वाकलो, पायाखालचा दुसरा दगड घेतला आन् तो सोडला. कुणाला कळलं न्हाई. दगडासारखा दगड. खडा सुटला न्हाई तर सुतक कसं फिटंल? तुमचं फिटलं, माझं न्हाई. कुणाच्या शुभकार्यात माझा इटाळ नको म्हून लांब ऱ्हातो. देवळात जात न्हाई, पंगतीला बसत न्हाई. कन्यादानाला कसा बसू? पोरीच्या संसाराला काय झालं तर?"

तीन वर्षं ज्याला आम्ही घमेंडखोर म्हणालो, रुसका म्हणालो, तो माणूस सगळ्यांच्या दारात उपाशी उभा राहत होता ते त्यांच्या भल्यासाठी. मी शिक्षिका. शाळेत पोरगं गप्प बसलं की मला कारण कळायचं. सख्ख्या भावाचं कळलं नाही.

"कुठं हाय?"

दैवशाला दारात उभी होती. हातात गव्हाचं सूप तसंच. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं.

"आखाड्यावर," उद्धव म्हणाला.

तिनं सूप खाली ठेवलं आणि चालायला लागली. पायात चपलाही नव्हत्या. आम्ही मागोमाग निघालो. तुरीच्या दोन्ही रानांमधल्या बांधावरून ती इतक्या झपाट्यानं गेली की मला गाठता येईना. उद्धवनं शेडात जाऊन मागच्या मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यातून एक गाठोडं काढलं. आदिनाथचा निळा हातरुमाल. कोनाड्यात एक पितळी पेला होता, पाण्यानं भरलेला. पाणी ताजं होतं. म्हणजे हा रोज इथं जेवायला यायचा तो एकटा जेवायला येत नव्हता.

दैवशालानं रुमाल उलगडला. आत तसाच एक दगड. अंगणातल्या बाजेवरच्या कुठल्याही दगडासारखा.

मला वाटलं आता ती ओरडेल. पाप केलंत म्हणेल, लेकराचा जीव अडकवून ठेवलात म्हणेल. ती खाली बसली, मांडीत दगड घेतला आणि उद्धवकडं बघून म्हणाली, "एकट्यानं ठेवलात ह्याला?"

उद्धवची मान खाली.

"मी शेवटचा हात लावला तो अंगणात. कपाळाला. मग उचलून नेलात. मी तीन वर्षं घरात फोटोला हार घालायलेय, आन् ह्यो हितं हुता. हाकेच्या अंतरावर. मी आई न्हाई का त्याची? मलाबी दिला असता की थोडा. मीबी पाणी घातलं असतं."

तिला रडू आलं ते असं, की मी बाहेर येऊन तुरीत तोंड घालून उभी राहिले. नंदिनी आईच्या पाठीशी बसून होती. बऱ्याच वेळानं दैवशालानं नाक पुसलं आणि आपणच म्हणाली, "पण हे बरं न्हाई. लेकरू ताटकळलं. चला, त्याला पोचवून येऊ."

दिनकररावला फोन केला. तो मोटारसायकल घेऊन आला, ऐकून मटकन बसलाच. त्यानं गुरुजींना फोन लावला. गुरुजी भला माणूस. म्हणाले, मनात गाठ आहे तर तीळपाणी द्या, सोडा, अंघोळ करा आणि सुखानं कन्यादानाला बसा. लग्नाला काही बाधा नाही. मग दिनकर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, घाटावर बायका..."

"दिनकर," मी म्हणाले, "गुमान चाल."

घाटावर मी पहिल्यांदा गेले ते त्या दिवशी. तिथं काहीच नव्हतं. काळी पडलेली जमीन, दोन-चार पत्रे, आणि उतरत जाणारी वाट. उन्हं कलली होती. उद्धव गुडघाभर पाण्यात उतरला. दैवशालाही उतरली, कुणी तिला नको म्हणालं नाही. त्यानं तीळ सोडले, पाणी सोडलं. मग दगड घेऊन मूठ पाण्यावर धरली, आणि पुन्हा तेच झालं. मूठ उघडेना. तो नुसता उभा. दिनकररावनं तोंड फिरवलं.

दैवशालानं त्याच्या मुठीखाली आपला हात धरला. "द्या हिकडं," ती म्हणाली. "तुमचा हात दुखला असंल आता."

त्यानं दगड तिच्या हातावर ठेवला. तिनं तो गालाला लावला, एकदाच. "जा, बाळा," ती म्हणाली. "लय वाट बघायला लावली तुला. तुज्या बहिणीचं लगीन हाय." आणि वाकून, पाणी उडू न देता, तिनं हात पाण्याखाली नेला आणि रिकामा वर काढला.

उद्धव मोठ्यानं रडला. आदिनाथ गेला तेव्हाही असा रडला नव्हता. पाण्यात बसला आणि अंघोळ करता करता रडत राहिला, आणि नंदिनी काठावरून उतरून, अंगावरचे कपडे तसेच भिजवत, त्याच्या पाठीवर ओंजळीनं पाणी घालत राहिली.

लग्नाच्या सकाळी उद्धव दैवशालाशेजारी कन्यादानाला बसला. मांडवात कुजबूज झाली. मी एक-दोघींकडं बघितलं, तशी थांबली.

जेवणाच्या टेबलावर नावं होतीच. साध्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर, माझ्या अक्षरात. वेळच उरला नव्हता दुसरं काही शोधायला, आणि हौसही. नंदिनी आणि शिवप्रसाद मधोमध बसले. नंदिनीच्या उजव्या हाताला उद्धवचं नाव, त्याच्या पलीकडं दैवशालाचं. मंडळी यायला लागली. माणिकराव आले. वाचायचा चष्मा ते गाडीत विसरले होते, आणि मांडवात त्यांना कुणी बसायची जागा दाखवायची सवय नव्हती. ते आले तसे सरळ नंदिनीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, समोरचा पुठ्ठा बाजूला सारला आणि त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

आता व्याह्याला लग्नाच्या दिवशी भरल्या पानावरून कोण उठवणार? मीसुद्धा नाही. शिवप्रसाद अर्धवट उठला, नंदिनीनं त्याचा हात दाबून खाली बसवलं. तिनं दाराकडं पाहिलं. उद्धव तिथं आला होता. त्यानं टेबल पाहिलं, भरलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि थांबला. खांद्यावरचा टॉवेल नीट केला. हे मला पाठ होतं. टॉवेल नीट करायचा आणि मागं फिरायचं. नंदिनीलाही पाठ होतं. तिनं मान खाली घातली आणि ताटातल्या मिठाकडं बघत बसली.

उद्धव मागं फिरला. मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी होती. त्यानं वरची खुर्ची काढली, टॉवेलानं पुसली, उचलून घेऊन आला आणि माणिकराव व नंदिनीच्या मध्ये घुसवायला लागला.

"जरा सरकता का, पाव्हणं?" तो म्हणाला.

माणिकराव घाईनं सरकले, त्यांच्या पलीकडं दैवशाला सरकली, सगळी ओळच सरकली. माझी नावं कुठल्या कुठं गेली. कुणाचं कुणापुढं आलं याचा मेळ राहिला नाही. वाढप्यानं पान मांडलं, वरण-भात आला, तूप आलं. उद्धवनं घास कालवला आणि हात तसाच पानावर ठेवून बसून राहिला. नंदिनी त्याच्याकडं बघत होती. तिनं स्वतः अजून एक शीतही तोंडात घातलं नव्हतं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "जेवा ना."

त्यानं घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही, कारण हात खरकटा होता.

"जेवायलोय, माय," तो म्हणाला. "जेवायलोय."